संहितेची संपादक की समाजाची साक्षीदार?

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

"मी शाळेत असताना आईवडिलांबरोबर ब्रिटनमध्ये आले आणि आता टीव्ही मालिकांमध्ये फ्रीलान्स स्क्रिप्ट एडिटर म्हणून काम करते. सध्याच्या मालिकेत एक भारतीय कुटुंब आहे. मुलगी घर सोडून दुसऱ्या शहरात जाते, या प्रसंगावर चर्चा चालू असताना मुख्य लेखकांनी मला विचारले, 'खरा भारतीय बाप हे होऊ देईल का?' माझ्या वडिलांनी माझी बॅग स्वतः भरून दिली होती, असे मी सांगितले. त्यावर 'तुमचे घर अपवाद आहे' असे म्हणून प्रसंग बदलण्यात आला. सेटवर एका ज्येष्ठ दिग्दर्शकांनी भारतीय उच्चारांची नक्कल केली. सगळे हसले आणि मीही हसले. दुसऱ्या आशियाई मुलीच्या नावाने मला वरचेवर हाक मारली जाते. एका अभिनेत्रीच्या रंगाला जुळणारे फाउंडेशन मेकअप विभागाकडे नव्हते, तेव्हा तिची समजूत काढायला मला पाठवले. मी प्रशिक्षण योजनेतून आले म्हणून 'कोट्यातली' असेही ऐकले. केशभूषा विभागातली एक कृष्णवर्णीय सहकारी म्हणते की तिलाही असेच अनुभव आले आहेत, पण तिच्याशी किती मोकळे बोलावे हे मला कळत नाही. आई म्हणते, परक्या मुलखात थोडे सहन करावे लागते. पुढच्या सीझनचे करार लवकरच होतील. तक्रार करावी का? की मीच जास्त मनाला लावून घेते आहे?"

सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण त्याचे उत्तर मिळेपर्यंत बाकीचे काही तुमच्या हातून होणार नाही. तुम्ही जास्त मनाला लावून घेत नाही. एखाद्या वेळी नाव कोणाकडूनही चुकते. पण ती चूक नेहमी दोन आशियाई मुलींच्याच नावांत होत असेल आणि लक्षात आणून दिल्यावरही चालू राहत असेल, तर समोरच्याने चेहऱ्याकडे पाहण्याचे कष्ट घेतलेले नाहीत, असेच म्हणावे लागते. तरीही तुम्ही सांगितलेल्या सगळ्या गोष्टी एका जातकुळीच्या नाहीत. बापाचा प्रसंग हा लेखनाचा प्रश्न आहे, उच्चारांची नक्कल हा वागणुकीचा आणि कायद्याचा आहे, फाउंडेशन हा निर्मितीच्या तयारीचा आहे, आणि कोट्याचा शेरा निव्वळ अज्ञानातून आलेला आहे. हे सगळे एकाच तक्रारीत कोंबले, तर वाचणारा त्यातली सर्वांत किरकोळ गोष्ट पुढे करून बाकीच्यांची वासलात लावील. म्हणून आपण त्या सुट्या करू.

बापाच्या प्रसंगापासून सुरुवात करते, कारण पत्रातल्या त्या ओळी वाचताना मला सर्वांत जास्त राग आला, आणि तुमचे बळही तिथेच सर्वांत जास्त आहे. मुख्य लेखकांचा प्रश्न वरकरणी आदराचा वाटतो: तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच सांगा. पण तुम्ही जे सांगितले ते त्यांना नको होते, हे त्यांच्या पुढच्याच वाक्यात उघड झाले. त्यांच्या डोक्यातला भारतीय बाप आधीच तयार होता आणि तुमच्याकडून त्याला फक्त दुजोरा हवा होता. तो दिला असता तर तुम्ही जाणकार ठरला असता. दिला नाही म्हणून तुमचे घर अपवाद ठरले. अशा चौकशीत साक्षीदाराने काहीही सांगितले तरी निकाल बदलत नाही, म्हणून साक्षीदार व्हायचेच नाही, असे तुम्ही ठरवावे, असे मला मनापासून वाटते.

आणि ते तुम्हाला सहज जमण्यासारखे आहे, कारण तुम्हाला नेमले आहे ते स्क्रिप्ट एडिटर म्हणून. प्रत्येक पात्र जे करते ते का करते, हे लेखकाला विचारत राहणे, हेच त्या कामाचे मर्म आहे. याच मालिकेतल्या एखाद्या गोऱ्या बापाने मुलीला अडवले असते, तर त्याच टेबलाभोवती कारणांचा शोध सुरू झाला असता: त्याची बायको नुकतीच गेली आहे का, घर मुलीच्या कमाईवर चालते का, थोरल्या मुलाने पूर्वी असेच घर सोडले आणि तो परत आलाच नाही, असे काही आहे का? भारतीय बापाच्या बाबतीत मात्र तो भारतीय आहे, एवढे कारण पुरले. वर्णद्वेष संहितेत शिरतो तो बहुधा असाच, पात्राच्या हेतूच्या जागी त्याची जमात बसवून, आणि त्यात कोणाच्या तोंडून एकही वावगा शब्द निघालेला नसतो. हे माणुसकीला सोडून आहेच, पण त्याचबरोबर ते वाईट लेखनही आहे, आणि वाईट लेखन दाखवून देण्याचेच तुम्हाला पैसे मिळतात.

म्हणून पुढच्या बैठकीत स्वतःच्या वडिलांना मध्ये आणू नका. त्याऐवजी मसुद्याकडे बोट दाखवा. उदाहरणार्थ असे म्हणता येईल: "पहिल्या भागात या माणसाने मुलीच्या शिक्षणासाठी दुकानावर कर्ज काढलेले आपण दाखवले आहे. मग चौथ्या भागात तो तिला का अडवतो, हे मला पानावर दिसत नाही. त्याला नेमकी कशाची भीती वाटते आहे?" हेच वाक्य मसुद्यावरच्या तुमच्या लेखी टिपणांतही जाऊ द्या. त्यात तुमचे घर नाही, तुमचा वंश नाही. त्यामुळे अपवाद म्हणून ते उडवून लावता येत नाही. कधी कधी त्यातून खरोखरच अडवणाऱ्या बापाचा उत्तम प्रसंग तयार होईल, आणि त्यालाही माझी हरकत नाही. भारतीय बापाने टीव्हीवर नेहमी उदारच असले पाहिजे, अशी मागणी केली तर आपणही त्याला माणूस होऊ देत नाही.

मग तुमच्या भाषेच्या, घराच्या, रीतिरिवाजांच्या ज्ञानाला काही मोल नाही का? आहे, आणि ते मोल रोख मिळाले पाहिजे. पोलिसांच्या मालिकेला निवृत्त अधिकारी आणि रुग्णालयाच्या मालिकेला डॉक्टर किंवा परिचारिका सल्लागार म्हणून घेतात. त्यांना मानधन मिळते आणि बहुधा श्रेयनामावलीत नावही येते. भारतीय कुटुंबाच्या मालिकेत मात्र हे काम टेबलाशी बसलेल्या एकुलत्या एक भारतीय व्यक्तीने जाता जाता फुकट करावे, अशी अपेक्षा असते. नव्या कराराची बोलणी सुरू होतील तेव्हा सरळ विचारा की सांस्कृतिक सल्ल्याची जबाबदारी माझ्याकडे आहे का, असल्यास तिचे वेगळे मानधन किती आणि श्रेय काय, आणि नसल्यास त्यासाठी कोणाला नेमणार आहात. बऱ्याच निर्मात्यांना हा प्रश्न पहिल्यांदाच पडेल. पडू द्या.

आता उच्चारांच्या नकलेविषयी. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडला लागू असलेला २०१० चा समानता कायदा वंश या शब्दात वर्ण, राष्ट्रीयत्व आणि वांशिक किंवा राष्ट्रीय मूळ या सगळ्यांचा समावेश करतो. छळाची त्यातली व्याख्या नीट समजून घ्या. वंशाशी संबंधित असलेले नकोसे वर्तन एखाद्याची प्रतिष्ठा दुखावणारे किंवा त्याच्यासाठी वातावरण अपमानास्पद करणारे असेल, तर ते छळ ठरू शकते, आणि असा हेतू होता का, की फक्त तसा परिणाम झाला, याने फरक पडत नाही. परिणाम ठरवताना तुम्हाला काय वाटले हे पाहिले जाते, परिस्थिती पाहिली जाते, आणि तसे वाटणे वाजवी होते का, हेही पाहिले जाते. म्हणजे "मी गंमत करत होतो" या उत्तराने विषय मिटत नाही. तुम्ही हसलात म्हणून तक्रारीचा हक्क गेला, असेही नाही. ज्याच्या शब्दावर पुढचे काम अवलंबून आहे, अशा माणसाच्या विनोदावर कनिष्ठ व्यक्ती हसते तेव्हा तिला तो आवडला, असा अर्थ निघत नाही. त्या हसण्याबद्दल स्वतःला कोसत बसू नका.

फ्रीलान्स असल्यामुळे आपल्याला कायद्याचे संरक्षणच नाही, असा समज या क्षेत्रात फार पसरलेला आहे आणि तो बराचसा चुकीचा आहे. स्वतः हजर राहून काम करण्याचा करार असेल, तर या कायद्यापुरते ते काम नोकरीच्या व्याख्येत येते. तुम्ही स्वतःच्या मर्यादित कंपनीमार्फत पैसे घेत असाल तर मामला गुंतागुंतीचा होतो आणि तिथे जाणकाराचा सल्ला हवाच. दुसरी महत्त्वाची गोष्ट मुदतीची आहे. एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलकडे, म्हणजे नोकरीविषयक तंटे सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, जाण्याची आजवरची मुदत घटनेपासून तीन महिन्यांना एक दिवस कमी अशी आहे. २०२५ च्या नव्या कायद्यात ती सहा महिन्यांपर्यंत नेण्याची तरतूद आहे, तरी तुम्ही तीन महिनेच धरून चाला. ट्रायब्युनलच्या आधी एकॅस या संस्थेला कळवून समेटाचा प्रयत्न करावा लागतो आणि तो चालू असेपर्यंत मुदतीचे घड्याळ थांबते. मात्र तुमच्या मालकाकडे केलेल्या अंतर्गत तक्रारीने ते थांबत नाही. कंपनी चौकशी करते आहे म्हणून वाट पाहत बसलेल्या कितीतरी जणांची मुदत अशीच निघून जाते. नक्कल नेमकी कधी झाली हे तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून आजच कॅलेंडर उघडून ती तारीख शोधा.

त्याच बैठकीत युनियनचे सभासद व्हा, नसलात तर. तुमच्या कामासाठी बेक्टू आहे. तुम्ही स्वतः भाग लिहू लागलात की रायटर्स गिल्डही आहे. बहुतेक युनियन सभासद होण्यापूर्वी उद्भवलेल्या प्रकरणात वकिलाची मदत देत नाहीत, म्हणून संकट येईपर्यंत थांबण्यात शहाणपण नाही. आणि नुसते बोलण्यासाठी कोणी हवे असेल, तर फिल्म अँड टीव्ही चॅरिटीची चोवीस तास चालणारी मोफत मदतवाहिनी याच क्षेत्रातल्या लोकांसाठी आहे.

नोंद ठेवणे हा भाग लोक सर्वांत हलक्यात घेतात. "मला वाईट वाटले, वातावरण खराब आहे" अशी नोंद पुढे फारशी उपयोगी पडत नाही. अशी लिहा: "मंगळवार, दुपारी साधारण अडीच, स्वयंपाकघराचा सेट, दुसऱ्या आणि तिसऱ्या टेकच्या मध्ये. दिग्दर्शकांनी अमुक अभिनेत्रीचे वाक्य भारतीय उच्चारांत म्हणून दाखवले आणि 'आता खरे वाटते' असे म्हणाले. उपस्थित: कॅमेरा सहायक, दोन अभिनेते, केशभूषेतली सहकारी आणि मी. मी हसले. अभिनेत्री काही बोलली नाही. संध्याकाळी तिने मला मेसेज केला." शब्द जसेच्या तसे, तारीख, उपस्थितांची नावे, आणि त्याच दिवशी लिहिलेले. ही नोंद स्वतःच्या वहीत किंवा स्वतःच्या ईमेलवर ठेवा, कंपनीच्या खात्यावर नको, कारण करार संपला की ते खाते बंद होते. मात्र संहितेची पाने किंवा कॉल शीट (दिवसाच्या चित्रीकरणाचे वेळापत्रक) स्वतःकडे पाठवू नका. तो गोपनीयतेचा भंग ठरेल आणि विषय भलतीकडेच वळेल.

आईंच्या बोलण्याविषयी मी जपून लिहिते, कारण त्या पिढीने जे सोसले ते त्यांनी आपल्याला पुरते सांगितलेलेही नाही. त्यांचा सल्ला भीतीतून आला असेल, तर ती भीती खोटी नव्हती. पण चित्रपटाच्या धंद्यात सोसण्याने काय मिळते, याचा एक जुना दाखला आपल्या मुंबईतच जन्मला आहे. मर्ल ओबेरॉन ही अभिनेत्री १९११ साली मुंबईत जन्मली आणि १९३५ च्या कामासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले. हे यश टिकवण्यासाठी तिला आपला जन्म टास्मानियातला असल्याचे सांगत राहावे लागले, आणि जिने तिला वाढवले त्या घरातल्या सावळ्या स्त्रीला चारचौघांत मोलकरीण म्हणून वावरावे लागले. १९७९ साली तिचे निधन झाले तोवर तिने हे गुपित जपले. इतके सोसूनही तिच्यामागून येणाऱ्या दुसऱ्या कोणासाठी दार किलकिलेही झाले नाही.

उलट बाजूही सांगते, म्हणजे मी तुम्हाला फसव्या आशेवर पाठवते आहे असे होणार नाही. गोऱ्या गायकांनी चेहरे काळे करून गाण्याचा 'ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो' बीबीसीवर १९५८ पासून चालू होता. वंशभेदाविरुद्ध काम करणाऱ्या एका संघटनेने १९६७ साली तो बंद करण्याची मागणी करणारे निवेदन दिले, आणि तरीही तो १९७८ पर्यंत चालला. तक्रार योग्य असूनही अकरा वर्षे लागली. याच काळात काही लोकांनी दुसरा मार्गही धरला. १९७६ साली लंडनमधल्या साउथॉलमध्ये गुरदीपसिंग चग्गर या तरुणाचा खून झाला आणि त्यातून पेटलेल्या जतिंदर वर्मा आणि त्यांच्या मित्रांनी पुढच्या वर्षी तारा आर्ट्स ही नाट्यसंस्था उभी केली. १९८९ साली तमाशा ही संस्था आली. या दोन्ही संस्था आजही काम करत आहेत आणि तमाशा नव्या लेखकांसाठी उपक्रमही चालवते. तिथे तुम्हाला भारतीय बाप खरा की खोटा, असे कोणी विचारणार नाही. संवाद चालतो का, एवढेच विचारतील. वर्षातून काही आठवडे तरी अशा ठिकाणी काम करा. एरवी माणूस हळूहळू दुसऱ्यांच्या प्रश्नांच्या मापाने स्वतःकडे पाहू लागतो.

फाउंडेशनच्या बाबतीत माझे मत साधे आहे: ते तुमचे काम नव्हते. अभिनेत्रीची निवड झाल्यावर कॅमेरा टेस्टच्या आधी मेकअप डिझायनरने तिच्याशी बोलून छटा मागवायच्या असतात आणि त्याचा खर्च विभागाच्या अंदाजपत्रकात धरायचा असतो. राहून गेले असेल, तर दिलगिरी त्या विभागाच्या प्रमुखाने व्यक्त करायची. ही उणीव जुनी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून फोटो प्रयोगशाळांत रंग जुळवण्यासाठी कोडॅकची जी नमुनाछायाचित्रे वापरत, त्यांत एक गोरी तरुणी असे. त्यांना 'शर्ली कार्ड' म्हणत. तपकिरी छटा नीट उमटत नाहीत, अशी चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्या कंपन्यांची तक्रार होती आणि कोडॅकने ती मनावर घेतली. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले कार्ड मात्र १९९० च्या दशकात आले. सावळ्या माणसांच्या चेहऱ्यांआधी चॉकलेटची दखल घेतली गेली, हे वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते. पुन्हा असा निरोप घेऊन जायला सांगितले, तर शांतपणे म्हणा, "हे त्यांच्याशी मेकअप डिझायनरनेच बोललेले बरे." आणि अभिनेत्रीला नंतर मैत्रीण म्हणून अवश्य भेटा.

'कोटा' म्हणणाऱ्याला उत्तर देण्यात फार वेळ घालवू नका, पण वस्तुस्थिती माहीत असू द्या. वंशाच्या आधारावर जागा राखून नोकऱ्या देणे ब्रिटनच्या कायद्यात सर्वसाधारणपणे बसतच नाही. कायदा परवानगी देतो ती ज्यांचे प्रमाण कमी आहे त्यांना प्रशिक्षण आणि प्रोत्साहन देण्याची, आणि दोन उमेदवार सारख्याच पात्रतेचे असतील तर त्यांतल्या अशा एकाची निवड करण्याची. तुम्ही प्रशिक्षण घेतले. त्यानंतरचे प्रत्येक काम तुम्हाला आधीच्या कामावरून मिळाले. निर्मात्याच्या ओळखीने, शाळेतल्या मैत्रीने किंवा काही महिने बिनपगारी राबण्याची घरची ऐपत असल्यामुळे जे आत आले, त्यांच्या वाटेला कोणी असे नाव ठेवत नाही. २०२० साली बाफ्ता या ब्रिटिश चित्रपट पुरस्कारांच्या अभिनयाच्या चार विभागांतली सर्व २० नामांकने गोऱ्या कलाकारांना गेली, तेव्हा ती गुणवत्ताच मानली जात होती. टीका झाल्यावर संस्थेनेच आढावा घेतला आणि १२० हून अधिक बदल जाहीर केले.

केशभूषेतल्या सहकारीशी मोकळेपणाने बोला. तुमच्या संकोचामागे काय असेल, याचा अंदाज मी करू शकते. कृष्णवर्णीयांविषयी आपल्या घरांत जे बोलले जाते ते ऐकतच आपण सगळे मोठे झालो आहोत, आणि ते अंगात मुरलेले असताना केवळ आपल्यापुरता न्याय मागणे मला योग्य वाटत नाही. तिच्या अनुभवाचा आपल्या तक्रारीसाठी पुरावा म्हणून वापर करू नका. आधी तिचे ऐकून घ्या, तिला काय हवे ते विचारा. दोघींना पटले तर दोघींनी मिळून लिहा. एका व्यक्तीच्या तक्रारीवर 'स्वभावच तसा' असा शेरा मारणे सोपे असते. दोन विभागांतून एकच गोष्ट आली की तो मारता येत नाही.

राहिला तुमचा मुख्य प्रश्न, तक्रार करावी का? माझा सल्ला असा आहे की नकलेबद्दल निर्मात्यांना लेखी कळवावे, पण औपचारिक तक्रारीच्या आधी एक पायरी खाली राहून. पत्र अर्ध्या पानाचे असावे. काय घडले ते वरच्या नोंदीप्रमाणे तीन-चार वाक्यांत सांगावे, हे वंशाशी संबंधित नकोसे वर्तन आहे असे स्पष्ट लिहावे, आणि नेमके काय हवे ते मागावे: हे पुन्हा होऊ नये, दिग्दर्शकांशी निर्मात्यांनी स्वतः बोलावे, आणि नव्या सीझनच्या पहिल्या वाचनाच्या दिवशी सेटवरच्या वागणुकीचे नियम सर्वांपुढे सांगावेत. नावाचा मुद्दा यात एका ओळीत यावा; संहितेतल्या बापाचा अजिबात येऊ नये, तो लेखकांच्या बैठकीत लढायचा आहे. पाठवण्यापूर्वी मसुदा युनियनला दाखवा. अशा पत्रामुळे तुम्हाला काम नाकारले गेले तर ते सूड उगवणे ठरते आणि समानता कायद्याने त्यालाही मनाई केली आहे. मात्र फ्रीलान्स कामात 'या वेळी टीम वेगळी आहे' एवढेच सांगून फोन येणे थांबू शकते, आणि ते सिद्ध करणे अवघड असते. हा धोका मी लपवणार नाही. घरभाडे या एकाच मालिकेवर अवलंबून असेल, तर करारावर सही होईपर्यंत पत्र राखून ठेवण्यात कमीपणा नाही, फक्त मुदतीची तारीख हातातून जाऊ देऊ नका.

इतिहासकार डेव्हिड ओलुसोगा यांनी २०२० च्या एडिनबरा टीव्ही महोत्सवातल्या व्याख्यानात सांगितले होते की या क्षेत्रातल्या एकटेपणामुळे त्यांना नैराश्यावर उपचार घ्यावे लागले, आणि त्यांच्या बरोबरीने सुरुवात केलेले कितीतरी कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य सहकारी या क्षेत्रातून कायमचे निघून गेले. इतक्या नावाजलेल्या माणसाची ही गत होते, म्हणून झोप उडाली, सकाळी सेटवर जाताना पोटात गोळा येऊ लागला, तर करार होण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा आणि तसे त्यांच्या कागदावर नोंदवून घ्या. आणि नवा करार हातात आला की सही करण्यापूर्वी तो बेक्टूकडून तपासून घ्या. विशेषतः श्रेय, सल्लागाराचे मानधन आणि तक्रार कोणाकडे करायची, या तीन जागा कोऱ्या तर नाहीत ना, हे पाहायला सांगा.